ताणावरचं झाड

माझ्या चित्रांना आजवर दोनच बक्षिसं मिळाली. पहिलं कॉलेजात असताना मिळालं, कारण परीक्षकांना चित्र कळलं नव्हतं. दुसरं शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकावाल्यांनी दिलं. एक नारळ, एक शाल आणि पाच डझन संत्री. का, तर त्यांना चित्र कळलं म्हणून. खरं तर त्यांनाही ते कळलं नव्हतं, पण हे मी गावात बोलून दाखवू शकत नाही. का दाखवू शकत नाही, ते सांगते.

मी रागिणी. अमरावतीला एका शाळेत चित्रकला शिकवते. माझे बाबा, भगवंतराव, शेंदूरजनाघाटला संत्र्याची कलमं करतात. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चाकूने चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा उद्योग. चीर त्यांनी द्यायची आणि पट्टी माझ्या आईने, गोदाबाईने बांधायची. दिवसाला हजार डोळे बांधणारी ही जोडी बोलायची मात्र दिवसाला दहा वाक्यं. चार वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून पट्टीही बाबाच बांधतात, आणि त्यांची बांधलेली पट्टी सुटते.

मागच्या वर्षी हिवरखेडहून बाबांना एक फोन आला. मायाबाई म्हणून कोणी होत्या. तेल्हाऱ्याला तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त होऊन हिवरखेडला भावाकडे राहत होत्या. यजमान जाऊन दहा वर्षं झालेली. त्यांनी बाबांकडून तीस कलमं नेली होती.

"तुमच्या अकरा कलमा मेल्या," त्या म्हणाल्या. "मले पैसे नोको. तुमी या अन् डोळ्यानं पाहा."

बाबांच्या कलमांना कोणी मेल्या म्हणावं म्हणजे बाबांच्या मिशीला हात लावणं. ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघाले. वरूड, अमरावती, अकोट, तिथून हिवरखेड. परत आले तिसऱ्या दिवशी. मी फोनवर विचारलं, काय झालं?

"मेल्या नव्हत्या. बाई पाणी लय देते."

एवढंच. पुढे आठ दिवसांनी बाबांनी कलमांची चौकशी करायला फोन केला. मग चार दिवसांनी. मग रोज संध्याकाळी साडेसातला. अकरा कलमांची एवढी काळजी अख्ख्या वऱ्हाडात कोणी घेतली नसेल. बाबा इस्त्रीचे शर्ट घालायला लागले. मातीत बसून डोळे बांधणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो, तेव्हा गावाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्यापर्यंत बातमी यायला मात्र डिसेंबर उजाडला.

मी शनिवारी घरी आले होते. बाबा कांदा चिरत होते.

"रागे, मी लग्न करतो म्हनतो."

"कोणाचं?" मी विचारलं. सदुसष्ट वर्षांचा बाप लग्न करतो म्हणाला की ते पुतण्याचं नाहीतर भाचीचं असणार, असं मी धरून चालले होते.

"माह्यं."

कांद्यामुळे दोघांचेही डोळे आधीच भरले होते, हे एक बरं झालं. मी म्हणाले, लोक हसतील. मी म्हणाले, सासरी मी काय सांगू? दोन्ही कारणं खोटी होती. माझ्या सासरच्यांना कोणी काही सांगितलं तरी ते जेवणाचं काय झालं एवढंच विचारतात. खरं कारण असं होतं की आईची पट्टी बांधायची जागा, ओसरीवरचा तो पाट, दुसऱ्या कोणाची होणार हे मला सहन होत नव्हतं. पण हे बोलायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. माझ्यात फक्त राग आहे.

बाबांनी सुरी खाली ठेवली. "लोकायचं मी पाहून घेईन. तुह्यं सांग. तू नाही म्हनशीन त मी थांबतो. मंग पुन्हा इशय काढनार नाही. पन संक्रांतीच्या आंदर सांग. तिचा भाचा तिले कायमचं पुण्याले नेऊन राहिला. तिले त्याले काहीतरी सांगा लागते."

"मला विचार करू द्या," मी म्हणाले. आमच्या घरात हे 'नाही'चं सभ्य रूप आहे. बाबांना ते माहीत होतं. त्यांनी कांदा पुन्हा चिरायला घेतला. चिरून झालेलाच कांदा.

त्याच आठवड्यात पुंजाजींनी मला बोलावलं. रोपवाटिकावाल्यांच्या संघाचे हे अध्यक्ष. संघाने नवं सभागृह बांधलं होतं आणि त्यातली चोवीस फुटांची भिंत कोरी होती.

"गावची पोट्टी चित्रं काढते अन् आमी भिंतीले चुना लावून बसाव का? संत्री काढ, टोपल्या काढ, एखादा ट्रॅक्टर काढ."

मी म्हणाले, मी माणसाचं आयुष्य काढीन. त्याचे टप्पे.

पुंजाजींनी बराच विचार केला. "त्याच्यात संत्री येतीन ना?"

"येतील."

"मंग काढ बाप्पा."

आता त्या आयुष्याचं सांगते. कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात मी एकोणीस वर्षांची असताना एक परदेशी चित्र पाहिलं होतं. संध्याकाळचा समुद्रकिनारा, किनाऱ्यावर लहान-मोठी सगळ्या वयांची माणसं आणि पाण्यावर जणू प्रत्येकाच्या वाटचं एकेक जहाज, कोणाचं जवळ, कोणाचं पार दूर. कोणी कोणाशी बोलत नाही. महिनाभर मी रोज जाऊन ते पान उघडायची. ग्रंथपालबाईंना वाटायचं, मी परीक्षेचा अभ्यास करतेय. तसं एक तरी चित्र आपल्या हातून व्हावं, ही माझी पंधरा वर्षांची इच्छा. आमच्याकडे समुद्र कुठला? आमच्याकडे झाडं. म्हणून मी जहाजांच्या जागी पाच संत्र्याची झाडं घेतली.

पहिल्यापाशी रांगतं मूल आणि जंबेरीचं बोटभर रोप. दुसऱ्यापाशी शाळकरी मुलगी, आणि नुकतीच पट्टी बांधलेलं कलम. तिसरं झाड फुलांनी पांढरं झालेलं, खाली एक तरुण जोडपं. चौथं फळांनी इतकं वाकलेलं की फांद्यांना बांबूचे टेकू. आणि पाचवं झाड निष्पर्ण, खाली भेगाळलेली जमीन आणि पाठमोरा म्हातारा.

तो म्हातारा म्हणजे बाबा. मुद्दाम. मला जे तोंडाने बोलता येत नव्हतं ते मी भिंतीवर बोलणार होते. बाबा, हे पानगळीचं वय आहे. इथे माणसाने शांतपणे पाठ फिरवून बसायचं असतं. इथे नवं काही नसतं.

ख्रिसमसच्या सुट्टीत मी बाबांना त्यांच्याच बागेत एका उलट्या क्रेटवर बसवलं आणि कच्ची चित्रं काढली. बागेचं पाणी बंद होतं, पानं वळून गळत होती. एका झाडावर ठिबकची काळी नळी गुंडाळून टांगलेली होती. ती मला फार आवडली. आयुष्याची दोरी, संपून गुंडाळून ठेवलेली! ती घेतली. खोडाला खालच्या बाजूने निळसर पांढरा लेप होता, तोही मला कफनासारखा दिसला, तोही घेतला. चित्र काढणाऱ्याला एकदा दुःख सापडलं की त्याला जळीस्थळी तेच दिसतं.

"बाबा, हलू नका."

"नाही हलत."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, मला वचन दिलं होतं ना. पण ते हसले. मी मागे बसले होते, मला चेहरा दिसत नव्हता, तरी मला कळलं. पाठीलासुद्धा हसता येतं, डावा खांदा जरा वर जातो. मी रागाने खोडरबर घेतला आणि तो खांदा खाली आणला.

भिंत रंगवायला मला अठरा दिवस लागले. रजा टाकल्या. समोर ताडपत्री लावून ठेवली आणि सांगितलं, पूर्ण होईपर्यंत कोणी डोकवायचं नाही, बाबांनी तर मुळीच नाही. बाबा रोज दाराशी डबा ठेवून जायचे. डब्यात भाकरी, झुणका आणि न विचारलेला प्रश्न. तिन्ही मी संध्याकाळी तसेच घरी न्यायची, भूकच लागायची नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ताडपत्री उतरली. दोनशे माणसं आली होती. पुंजाजींनी नारळ फोडला, भाषण केलं, भाषणात माझं नाव दोनदा चुकवलं आणि दोरी ओढली.

सभागृह चिडीचूप झालं. मला वाटलं, जिंकले. मला हवी होती ती शांतता हीच. माणसं मरणापुढे गप्प होतात तशी.

मग अन्सारचाचा पुढे आले. अन्सारचाचा म्हणजे बाबांचे लंगोटीमित्र, संत्र्याचे व्यापारी. बागेतून एक चक्कर मारली की कोणत्या झाडावर किती फळ आहे ते न मोजता सांगतात, आणि शंभर-पन्नासच्या वर चुकत नाहीत. त्यांनी चष्मा चढवला. पहिली चार झाडं त्यांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी पाहिली. पाचव्यापाशी थांबले. भिंतीला नाक लावलं.

"पुंजाजी, इकडे या. हे पाहा. नळी वर गुंडाळून ठेवली."

पुंजाजी गेले. "हाओ. अन् बोर्डो पेस्टबी लावली खोडाले. ताजी हाय."

"जमीन पाहा. भेगा कशा बरोबर पडल्या."

"अरे, हे त ताणावरचं झाड हाय!"

ज्यांना संत्र्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोरासोबतचा फुलोरा, घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. ठिबकच्या नळ्या गुंडाळून फांदीवर टांगतात, म्हणजे मशागतीत मध्ये येत नाहीत. झाड सुकतं, पानं टाकतं, बाहेरून येणाऱ्याला वाटतं मेलं. याला ताण देणं म्हणतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की ते झाड अंगभर फुलतं. ताण बसल्याशिवाय बहार नाही, हे शेंदूरजनाघाटचं शेंबडं पोरही सांगेल. आणि मेलेल्या झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा तो लेप, लावायला इथे कोणी वेडं नाही.

हे मला माहीत नव्हतं का? मी तर त्याच बागेत वाढले. पण सात वर्षं कला शिकल्यावर पानं गळालेलं झाड म्हणजे मरण, एवढंच डोक्यात राहिलं. शिक्षणाने माणसाचं कधी कधी फार नुकसान होतं.

"पन खाली बसला कोन?" मागून कोणीतरी ओरडलं.

"कान पाहा ना कान! भगवंताचे कान सुपासारखे. भगवंतच हाय."

अन्सारचाचा सावकाश वळले. आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गावात हिवरखेडचं प्रकरण कोणाला ठाऊक नव्हतं? त्यांच्या दाढीतून हसू पसरत गेलं.

"क्या बात है बेटा! बापाले ताणावर बसवलं. म्हणजे आता बहार येणार!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "अरे भगवंता, पोरगी हाओ म्हनून राहिली! चोवीस फुटाची हाओ!"

आणि सभागृह फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, कोणी बाबांच्या पाठीवर थापा मारतंय, कोणी फेट्याचं माप विचारतंय. बायकांच्या बाजूने एक आजी ओरडली, "मंग पाणी कवा सोडता, भगवंतराव?" त्यावर जे हसू उठलं त्याने नव्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली.

मी ओरडून सांगू शकले असते. अहो, हे मरण आहे. ही दोरी आहे, हे कफन आहे, जरा गंभीर व्हा. शब्द अगदी जिभेवर होते. तेवढ्यात बाबा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. चार वर्षांत मी त्यांचा चेहरा असा उघडा पाहिला नव्हता. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते. आता रडत होते, आणि लाजत नव्हते.

"मले वाटलं, तू नाहीच म्हनशीन," ते म्हणाले. "रोज डबा ठेवून जाओ अन् वाटे, आज सांगते का उद्या सांगते." नाक पुसलं. "पन बेटा, तोंडानं सांगतलं असतं त काय बिघडलं असतं? एवढी भिंत रंगवाची काय गरज होती?"

मी त्यांच्या खांद्यावरून चित्राकडे पाहिलं. पाठमोरा म्हातारा बसला होता. त्याचा डावा खांदा जरा वर होता. कागदावर मी तो खाली आणला होता, भिंतीवर माझ्या हाताने तो परत वर नेला होता आणि मला न विचारता नेला होता. अठरा दिवस मी 'नाही' रंगवत होते, आणि माझा हात काय करत होता ते दोनशे माणसांना दिसलं, मलाच तेवढं दिसलं नाही. बापावर माझा जीव आहे. तो एकटा भाकरी खातो हे मला रोज रात्री अमरावतीत टोचतं. हे मी आधीच बोलायला हवं होतं.

"तोंडानं सांगायला मला जमत नाही, बाबा," मी म्हणाले. "हो. करा लग्न."

बाबांनी खिशातून फोन काढला, आणि भर सभागृहात, साडेसात वाजायला अजून आठ तास असताना, हिवरखेडला लावला.

मायाबाई संक्रांतीला आल्या. मी मनाशी एक कडक बाई धरून ठेवली होती. आली ती गोल, ठेंगणी, कोल्हापुरी चपला फटफट वाजवणारी बाई. पिशवीत तिळगूळ आणि रक्तदाबाचं मशीन. आल्या आल्या माझं मनगट धरून नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "जेवत नाही वाटते बराबर." घरात गेल्यावर ओसरीवरच्या आईच्या पाटापाशी थांबल्या, आणि त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसल्या. पाटावर बसल्या नाहीत. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

दुपारी त्यांना चित्र पाहायचं होतं. बाबा नि अन्सारचाचा सभागृहाबाहेर पाणी कधी सोडायचं यावर भांडत राहिले. आम्ही दोघीच आत. मायाबाईंनी पाची झाडं नीट पाहिली, पेशंटची कागदपत्रं पाहावीत तशी. मग पाचव्याकडे बोट केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांग. तू काढलं तवा हे झाड मेलंच होतं ना?"

खोटं बोलायची इच्छा झाली. पण तीस वर्षं नाडी पाहिलेल्या बाईसमोर कुठे बोलणार?

"हो."

"वाटलंच मले." त्या रागावल्या नाहीत. "मीबी फसली होती. अकरा कलमा वाळल्या, मी म्हनलं मेल्या. इतके पेशंट पाहिले, मले का कळत नाही? तुहे बाबा आले. बोलले काहीच नाही. खाली बसले अन् एका कलमेची साल नखानं अशी जराशी खरवडली. आत हिरवं होतं गं. इतकं हिरवं! अकराच्या अकरा खरवडून दाखवल्या मले. नऊ हिरव्या निंघाल्या. मी तिथंच बसली रडत. दहा वर्षांत मले कोनी असं काही दाखवलं नव्हतं."

माझ्या पिशवीत रंग होते. मी शिडी लावली नाही, लागलीच नसती, पाचव्या झाडाचं खोड खालीच होतं. बारीक ब्रशने पोपटी हिरवा घेतला आणि त्या पांढऱ्या लेपाच्या वर, खोडावर, नखाएवढा एक ओरखडा काढला. बस तेवढाच. दहा पावलं मागे गेलं तर दिसतही नाही.

"आता बराबर झालं," मायाबाई म्हणाल्या, आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

तेवढ्यात बाबा आत आले. दारापासूनच त्यांचं लक्ष तिकडे गेलं, चाळीस वर्षांची नजर ती. तरातरा खोडापाशी आले, वाकले आणि खात्री करून घ्यायला सवयीने अंगठ्याचं नख त्या हिरव्यावर घासलं. रंग ओला होता.

नंतर ते नख त्यांनी साबणाने धुतलं, घासलेटने पुसलं, पण नखाच्या कडेचा हिरवा काही गेला नाही. पंधरवड्याने अमरावतीला लग्नाच्या नोंदणीची तारीख विचारायला तिघं गेलो, तेव्हाही तो तसाच होता. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "काका, रंगकाम करता का?"

बाबा इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे राहिले. "नाही बाई," ते म्हणाले. "आमी कलमा बांधतो. ह्या पट्टी बांधतात." आणि मायाबाईंकडे पाहून त्यांनी डावा खांदा जरा वर केला.